उभं लाकूड, आडवं लाकूड

खामगाव-शेगावकडच्या जुन्या घरांत एखादं दार असं असतंच, की वैशाखात ते दोन बोटांनी ढकललं तरी उघडतं आणि श्रावणात त्याला खांदा लावावा लागतो. घरच्या बायकांना हे पाठ असतं. पोळ्याच्या सुमारास कडी लावायची तर आधी दार उचलून धरायचं. होळी गेली की त्याच दाराच्या दोन फळ्यांमधून अंगणातलं ऊन आत येऊन जमिनीवर रेघ ओढतं. अशा वेळी जाणता सुतार पावसाळ्यात रंधा मारायला तयार होत नाही. दसऱ्यानंतर पाहू, म्हणतो. ऑगस्टमध्ये तासलेलं दार एप्रिलमध्ये चौकटीत खुळखुळतं, हे त्यानं पाहिलेलं असतं.

दार बिघडलेलं नसतं. झाड उभं होतं तेव्हा मुळांपासून शेंड्यापर्यंत पाणी चढवणं हे त्या लाकडाचं काम होतं. कापून, तासून, तेलपाणी करून शंभर-दोनशे वर्षं झाली तरी पाण्याशी असलेला त्याचा देण्याघेण्याचा व्यवहार बंद पडत नाही.

ताज्या ओंडक्यात पाणी दोन जागी असतं. काही पेशींच्या पोकळीत, पेल्यात भरावं तसं. काही पेशींच्या भिंतींतच मुरलेलं, मडक्याच्या मातीत ओल मुरते तसं. पेल्यातलं पाणी आधी निघून जातं. त्यानं वजन घटतं, पण आकार बदलत नाही. ओलावा कोरड्या लाकडाच्या वजनाच्या 28 ते 30 टक्क्यांपर्यंत खाली आला की भिंती सुकायला लागतात आणि तिथून लाकूड आकसू लागतं. कुठवर सुकायचं हे मग हवा ठरवते. घाटाखाली, म्हणजे मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद या पूर्णेकाठच्या मुलखात, मे महिन्यातली दुपारची हवा इतकी रखरखीत असते की उघड्यावरचं लाकूड चार-पाच टक्के ओलाव्याकडे उतरू पाहतं. श्रावणात झड लागली की तेच पंधरा-सोळा टक्क्यांकडे चढतं. घाटावर बुलढाणा-चिखलीकडे उन्हाळा जरा मवाळ, पण गोष्ट तीच. लाकूड किती सुकवून वापरावं हे सांगताना भारतीय मानक ब्युरोनं हवामानानुसार देशाचे चार विभाग पाडले आहेत, ते याचसाठी. मुंबईच्या दमट हवेत सुखानं बसलेली फळी खामगावच्या उन्हाळ्यात आणली तर चिरणारच.

आता या सगळ्या विषयाची किल्ली. लाकूड तिन्ही दिशांना सारखं आकसत नाही. खोडावरची वर्तुळं ज्या दिशेनं फिरतात त्या दिशेला ते सर्वांत जास्त आकसतं. गाभ्यापासून सालीकडे जाताना साधारण त्याच्या निम्मं. आणि उभ्या धाग्याच्या दिशेनं, म्हणजे लांबीत, जवळजवळ नाहीच. सुताराच्या भाषेत सांगायचं तर इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सूत. फूटभर रुंदीची सागाची फळी वैशाख ते श्रावण साधारण सूतभर वाढते. आणि दहा फुटी ओला खांब पूर्ण वाळला तरी उंचीत घटतो तो जेमतेम एक सूत.

या सूतभराच्या हिशेबात जगातली दोन तऱ्हेची लाकडी घरं वेगळी होतात.

नॉर्वे, फिनलंड, रशिया इथली जुनी घरं ओंडक्यांची. सरळसोट पाइन किंवा स्प्रूसचे ओंडके एकावर एक आडवे रचायचे, कोपऱ्यात एकमेकांत खाचून अडकवायचे, फटीत शेवाळ किंवा लोकर कोंबायची. रशियातल्या किझी बेटावरचं 1714 मधलं प्रसिद्ध चर्च असंच पाइनच्या ओंडक्यांचं आहे. आपल्याकडे हिमाचलात देवदाराच्या तुळया आणि दगडाचे थर आलटून पालटून रचून घरं बांधली जात आली आहेत. अशा भिंतीत लाकूड आडवं झोपलेलं असतं, म्हणजे भिंतीची उंची ही ओंडक्यांच्या जाडीची बेरीज असते. जाडीत लाकूड आकसतं. ओल्या पाइनची दहा फुटी भिंत वाळता वाळता तीन-चार इंच खाली बसू शकते. म्हणून तिकडचे गवंडी-सुतार खिडकीच्या आणि दाराच्या चौकटीवर मुद्दाम पोकळी ठेवतात, वरून पट्टी मारून ती झाकतात. व्हरांड्याचा खांब मात्र उभा, तो खाली बसत नाही. भिंत उतरते आणि खांब तसाच राहतो, मग छप्पर तिरकं होऊ नये म्हणून खांबाखाली स्क्रूचा जॅक घालून तो दर काही महिन्यांनी पिळून खाली घेतात. दोन-तीन वर्षं घर असं हळूहळू बसत असतं.

वऱ्हाडातलं धाब्याचं घर याच्या अगदी उलट विचारानं उभं राहिलं. इथे लाकूड उभं. दगडी तळखड्यावर खांब, खांबांवर तुळई, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलच्या, त्यावर पळसाची पानं किंवा तुराट्यांचा थर आणि वर पांढऱ्या मातीचं धाबं. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण, आणि घर किती मोठं हे खणांत सांगायचं. भिंती मातीच्या नाहीतर दगडाच्या, हात-दीड हात जाड. भार पेलायचं काम खांबांचं, ऊन थोपवायचं काम भिंतींचं. खांबाचा धागा उभा असल्यामुळे छप्पर खाली बसत नाही आणि तुळईखालची भिंत फुटत नाही.

ओंडके रचून भिंती का केल्या नाहीत, याचं उत्तर जंगलातच मिळतं. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेला सातपुडा, तिथे अंबाबरवा अभयारण्य. मधून अजिंठ्याची रांग, तिच्यावर ज्ञानगंगा अभयारण्य. ही कोरडी पानझडी रानं. साग, सालई, धावडा, अंजन, तेंदू, मोह. यांतली बरीच झाडं बुटकी, बाक घेतलेली, गाठाळ. पाइनसारखे पन्नास ओंडके एका जाडीचे आणि एका सरळीचे इथे मिळणं कठीण. मिळाले तरी उचलायचे कुणी? आणि जमिनीलगत आडवं लाकूड ठेवणं म्हणजे उधईला पंगतीचं आमंत्रण. त्यात चाळीसच्या वर गेलेल्या पाऱ्यात जाड मातीची भिंत जो गारवा देते, तो ओंडक्याच्या भिंतीनं दिला नसता.

सातपुड्यातल्या भिंगारा, चाळीसटापरीसारख्या आदिवासी वस्त्यांकडे गेलं तर याच विचाराचं आणखी जुनं रूप दिसतं. फांदी फुटते त्या दुबेळक्यापाशी तोडलेलं खोड म्हणजे मेढ. तिच्या बेचक्यात आडवं लाकूड नुसतं ठेवायचं. खिळा नाही, खाच नाही. झाडानं फांदीचं वजन पेलायला त्या बेचक्यात स्वतःच धागे वळवून गुंफलेले असतात. सुतारानं कितीही नेटका सांधा केला तरी तो एवढा दणकट होत नाही. भिंत म्हणजे बांबूचा किंवा काठ्यांचा कूड, त्यावर माती आणि शेण.

आता कुठलं लाकूड कुठे, हा प्रश्न. इथे जुन्या माणसांची परीक्षा फार बारीक होती आणि लाकूडशास्त्रानं पुढे मोजमाप करून बहुतेक ठिकाणी तिला दुजोराच दिला.

साग पहिला. त्याचं शास्त्रीय नावच सुतारावरून पडलेलं आहे: टेक्टोना, ग्रीक भाषेत टेक्टॉन म्हणजे सुतार. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेनं भारतीय लाकडांची तुलना करताना सागाला 100 धरलं आणि बाकी लाकडांची ताकद, कठीणपणा, आकार टिकवण्याची क्षमता त्या मापानं मांडली. हे आकडे चाळताना एक गोष्ट लक्षात येते. ताकदीत आणि कठीणपणात सागाला मागे टाकणारी लाकडं आपल्या रानात कितीतरी आहेत. सागाची थोरवी निराळी आहे. तो फार आकसत नाही, पिळत नाही, आणि त्याच्या तेलकट गाभ्यात उधईला आणि बुरशीला न मानवणारी द्रव्यं असतात. ताज्या तासलेल्या सागावरून तळहात फिरवला तर मेणासारखा गुळगुळीत लागतो आणि चामड्यासारखा वास येतो. त्यात वाळूचे, म्हणजे सिलिकाचे, सूक्ष्म कण असतात म्हणून करवतीचे दात लवकर बोथटतात. सागात ठोकलेला लोखंडी खिळाही सहसा सडत नाही. मुंबईत वाडिया मंडळींनी 1817 मध्ये बांधलेलं सागवानी 'ट्रिंकोमाली' जहाज इंग्लंडात हार्टलपूलच्या गोदीत आजही तरंगतं आहे. त्याहून जुना दाखला कार्ल्याच्या चैत्यगृहात आहे. तिथल्या छतातल्या लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षांच्या आहेत. पाऊस नाही, ओल नाही, जमिनीचा स्पर्श नाही. गुहेच्या कोरड्या पोटात त्या तशाच टिकल्या.

अंजन सागापेक्षा कितीतरी जड. वाळलेल्या सागाचं घनफूट साधारण 18 किलो भरतं. अंजनाचं 28 किलोच्या वर, म्हणजे ते पाण्यात टाकलं तर बुडतं. काळपट तांबडा गाभा, इतका घट्ट की आधी भोक पाडल्याशिवाय खिळा शिरत नाही, ठोकला तर वाकतो. फळ्या पाडायला हे लाकूड निरुपयोगी. पण खांब म्हणून, खुंटा म्हणून, घाण्याचा भाग म्हणून त्याला तोड नाही.

धावडा चिवट. कुऱ्हाडीच्या दांड्याला, गाडीच्या कण्याला तोच हवा, कारण धक्का बसला की तो मोडण्याआधी लवतो. पण वाळताना चिरतो फार, म्हणून दाराच्या फळीला कुणी धावडा घेत नसे.

बाभूळ ही काळ्या मातीची लेक. रानात जायची गरज नाही, शेताच्या धुऱ्यावरच उभी. गाडीच्या चाकाचा तुंबा, नांगर, वखर, तिफण हे सगळं बाभळीचं, आणि ज्याला साग परवडला नाही त्याच्या घरातला खांबही. गाभा दणकट आणि टिकाऊ, पण बाहेरचा पांढरा भाग भुंग्यांचं आवडतं खाणं. म्हणून तोडलेली बाभूळ आधी नदीत, डोहात किंवा विहिरीत काही महिने बुडवून ठेवायची रीत होती. ही अंधश्रद्धा नव्हे. पांढऱ्या भागातल्या पिठूळ स्टार्चवर भुंग्याच्या अळ्या जगतात. पाण्यात तो बराचसा कुजून, विरघळून जातो आणि लाकूड बाहेर काढल्यावर भुंग्याला त्यात काही राहत नाही.

कडुनिंब ज्याच्या त्याच्या अंगणात. किड्यांना कडू, म्हणून चौकटी, पेट्या, कड्या यांना चालतो. मात्र त्याचा धागा एकमेकांत गुंतलेला असतो. रंधा एका बाजूनं गुळगुळीत चालतो आणि दोन बोटांवर गेला की उलट धागा उचकटतो. आंब्याच्या फळ्या स्वस्त आणि रुंद मिळतात, पण ओल लागली की गेल्या.

आणि सालई. सातपुड्याच्या उतारांवर कागदासारख्या साली सोलत उभं असणारं हे झाड घरासाठी जवळजवळ कुचकामी. मऊ, तोडल्यावर लगेच निळसर डाग पडणारं, उधईचं लाडकं. पण डोंगर ओलांडला की पलीकडे बऱ्हाणपूर जिल्ह्यात नेपानगर आहे. तिथल्या कागद कारखान्यानं स्वातंत्र्यानंतर देशात वर्तमानपत्रांचा कागद बनवायला सुरुवात केली तेव्हा बांबूच्या जोडीला हीच सालई वापरली. 1956 मध्ये पंडित नेहरूंनी तो कारखाना देशाला अर्पण केला. ज्या लाकडाला तुळई होण्याचं भाग्य नव्हतं, त्याच्यावर देशाच्या बातम्या छापल्या गेल्या.

लाकडाच्या जातीइतकंच महत्त्व लाकडाच्या वयाला आहे, आणि आज घर बांधणाऱ्या माणसाला कुणी हे सांगत नाही. 'सागवान आहे' एवढ्यावर सौदा होतो. पण सागाचा सगळा मोठेपणा त्याच्या गडद गाभ्यात आहे. सालीलगतच्या पांढऱ्या थरात ती संरक्षक द्रव्यं नसतात. उधईला तो आंब्यासारखाच. वीस-पंचवीस वर्षांच्या लागवडीच्या सागात या पांढऱ्या भागाचं प्रमाण मोठं असतं, त्यावर पॉलिश चढलं की नवख्या डोळ्याला फरक कळत नाही. डेहराडूनला लाकडाचा टिकाऊपणा पाहण्यासाठी नमुन्याचे खुंटे उघड्यावर जमिनीत पुरून ठेवतात आणि वेळोवेळी उपटून तपासतात. या चाचणीला 'कबरस्तान चाचणी' असंच म्हणतात. 120 महिन्यांहून जास्त टिकलं ते पहिल्या वर्गाचं, 60 ते 120 महिने दुसऱ्या, त्याखालचं तिसऱ्या. साग आणि अंजन पहिल्या वर्गात, आंबा आणि सावर तिसऱ्या वर्गात. मात्र ही प्रतवारी गाभ्याची आहे. पांढरा भाग कुठल्याही जातीचा असो, तो तिसऱ्यातच.

बुरशीला जगायला साधारण वीस टक्क्यांच्या वर ओलावा लागतो. त्याखाली ठेवलेलं लाकूड कुजत नाही, मग ते शंभर वर्षांचं असो की हजार. म्हणून खांब जमिनीत न पुरता तळखड्यावर बसवायचा. पुरलेल्या मेढीत नेहमी जमिनीलगतचा वीतभर भाग आधी जातो, कारण तिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात. चुलीच्या धुरानं काळ्याकुळकुळीत झालेल्या स्वयंपाकघरातल्या कड्या बाहेरच्या पडवीपेक्षा जास्त टिकतात, तेही यामुळेच: ऊब सदा कोरडी ठेवते आणि धूर किड्यांना जवळ येऊ देत नाही.

धाब्याच्या लाकडाला पेलावं लागणारं ओझं थोडंथोडकं नसतं. दहा बाय दहाच्या खोलीवर फूटभर मातीचा थर म्हणजे चार-साडेचार टन, आणि पाऊस मुरला की त्याहून जास्त. एवढा भार वर्षानुवर्षं बसला की तुळई सावकाश लवते आणि मग तशीच राहते. ओली तुळई चढवली तर फारच लवते. म्हणून जुने सुतार तुळईचा नैसर्गिक बाक शोधून तो वरच्या अंगाला ठेवत. पुढच्या पन्नास वर्षांचं लवणं त्यात जिरून जाई.

या ओझ्याची दुसरी बाजू 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दिसली. तिथली माळवदं याच जातीची. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती कोसळल्या आणि हजारो माणसं त्याखाली गेली. पण नंतर पाहणी करणाऱ्या अभियंत्यांना ठिकठिकाणी एक दृश्य दिसलं: जिथे छप्पर भिंतींवर न टेकता लाकडी खांबांच्या खणावर होतं, तिथे भिंती बाहेर पडल्या होत्या आणि खांब-तुळयांचा सांगाडा वरच्या मातीसकट उभा होता. खाचेत कुसू बसवून केलेले सांधे थोडे हलले, करकरले, पण सुटले नाहीत. हे लाकडाचं मोठेपण त्या शोकात फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही. पुनर्वसनात लाकडाऐवजी सिमेंट आलं, आणि ते समजण्यासारखंही आहे.

लाकूड मुरवायला, म्हणजे सावकाश वाळवायला, मात्र वेळ द्यावा लागतो, आणि तोच आज कुणाकडे नाही. ओंडका टोकांतून कैक पटींनी वेगानं वाळतो. टोकं आधी आकसतात, मधला भाग ओला राहतो आणि टोकाला चिरा जातात. जुने लोक टोकांना शेण-माती लिंपायचे, आता मेण किंवा ऑइलपेंट लावतात. फळ्यांच्या मध्ये पट्ट्या ठेवून, सावलीत, वारा खेळेल अशी थप्पी लावायची. जाडीच्या दर इंचाला वर्षभर थांबायचं, असा जुना अंदाज. आजकाल परतवाड्याच्या किंवा नागपूरच्या बाजारातून सोमवारी आणलेल्या फळीचं दार शनिवारी लागतं. मग पहिल्या उन्हाळ्यात ते पिळतं आणि दोष सुतारावर जातो.

अलीकडे रिसॉर्टवाले डोंगरात परदेशी पाइनच्या ओंडक्यांची तयार घरं उभी करू लागले आहेत. पाइन वाईट नाही. हलका, सरळ, कापायला सोपा, आणि दाबानं औषध भरलं तर ते त्याच्या पांढऱ्या भागात खोलवर शिरतं. पण औषध न भरलेला पाइन आपल्या उधईपुढे टिकत नाही. छपराचा पागोळा दोन-अडीच फूट बाहेर हवा, म्हणजे झडीचं पाणी ओंडक्यांवर मारत नाही. पाया जमिनीपासून हातभर उंच हवा. आणि घेणाऱ्यानं विकणाऱ्याला विचारावं, की चौकटीवर भिंत बसायला जागा सोडली आहे का.

दरम्यान मेहकर, चिखली, देऊळगाव राजा, खामगावच्या जुन्या पेठांतली धाबी एकेक करून उतरत आहेत. माती ट्रॅक्टरनं जाते, लाकूड जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे. त्याच्या वाड्यात तुळया वखारीसारख्या रचलेल्या असतात: वरून राखाडी, भेगाळलेल्या, धुरानं काळ्या. व्यापारी नखानं खरवडून पाहतो, ठोकून आवाज ऐकतो, खांबाच्या तळाचा कुजका भाग आधीच कापून टाकतो. करवतीवर चढवण्यापूर्वी एक पोरगा लोहचुंबक घेऊन जुने खिळे शोधतो. मग वरचा अर्धा इंच उतरला की आतून सोनेरी, घट्ट वर्तुळांचा, शंभर पावसाळे पचवलेला साग निघतो. तो आता पिळायचा-चिरायचा तेवढा पिळून-चिरून झालेला असतो, ऋतूंबरोबरचं बारीक हलणं तेवढं सुटत नाही.

घरमालकांपैकी काही जण एखादी तुळई विकत नाहीत. नव्या स्लॅबच्या घरात तिच्या फळ्या पाडून देवघराचं दार करून घेतात. त्या दारात मध्येच कुठेतरी एक चौकोनी भोक येतं, पूर्वी तिथे कडीचं कुसू बसत असे. सुतार ते बुजवताना सागाचाच तुकडा तासतो, त्याचा धागा फळीच्या धाग्याला समांतर धरतो, आणि हलक्या हातानं ठोकून बसवतो.